काजवा उलटा करून बघितलात का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की काजव्यांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मग फोटोंचा जो काय पाऊस पडला! निम्म्याहून जास्त फोटोंत मिट्ट काळोख आणि मधोमध एक हिरवा ठिपका. तो ठिपका काजवाच आहे हे मी तुमच्या शब्दावर मानून चाललेय. नावं छापत नाहीये, प्रश्न थोडे कापलेत, उत्तरं मात्र नेहमीसारखी लांबलीत, संपादक वैतागतील पण बघू.

प्रश्न: ताई, फोटो जोडलाय. प्रकाश हिरवट पिवळा, किडा साधारण नखाएवढा. नक्की कुठली जात आहे? नेटवर शोधलं तर मला सगळे सारखेच दिसतात.

उत्तर: सारखेच दिसणार हो, कारण आपण सगळे वरूनच बघतो. जगात काजव्यांच्या दोन हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी वरून बघितल्या तर एक काळपट तपकिरी लांबुळका किडा, मानेशी जरासा गुलाबी नाहीतर पिवळा रंग, संपलं. आणि प्रकाशाचा रंग म्हणाल तर तो फोटोवरून ठरवूच नका. मोबाईलचा कॅमेरा रात्री स्वतःच्या मनाने रंग ठरवतो, तोच काजवा एका फोनमध्ये पोपटी येतो आणि दुसऱ्यात जवळजवळ पांढरा. डोळ्यांचाही फार भरवसा नाही, अंधारात आपले डोळे निळ्याकडे झुकतात. अमेरिकेत अपालाचियन डोंगररांगांत फॉसिस रेटिक्युलाटा नावाचा काजवा आहे, त्याला तिकडे ब्लू घोस्ट म्हणतात, निळं भूत, पण प्रकाश यंत्राने मोजला तर निघतो हिरवा.

मग बघायचं काय, तर आधी हे बघा की हा खरंच काजवा आहे का. काजवा म्हणजे माशी नाही, तो भुंग्यांच्या गोतावळ्यातला, लॅम्पिरिडी ह्या कुळातला. मानेवर एक चपटी ढाल असते, पुस्तकात प्रोनोटम म्हणतात, मी ढालच म्हणणार, ती पुढे आलेली असते आणि डोकं तिच्याखाली लपलेलं असतं. वरून बघितल्यावर डोकं अजिबात दिसत नाही, किंवा ढालीच्या कडेखालून फक्त दोन टपोरे डोळे डोकावतायत, असं असेल तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे. पाठीवर दोन झाकणपंख असतात (एलिट्रा), ते बाकीच्या भुंग्यांसारखे टणक नसतात, चामड्यासारखे मऊ असतात, बोटाने हलकेच दाबले तर वाकतात.

आता जातीकडे. ढालीवर सगळ्यात आधी नजर टाका कारण तिथे बरंच काही लिहून ठेवलेलं असतं. अमेरिकेतला फोटिनस पायरॅलिस घ्या, ढाल गुलाबीसर, मधे काळा डाग, कडेला पिवळी किनार, झाकणपंख काळपट आणि त्यांनाही पिवळी किनार. आपल्या आशियातल्या डायफेनिस वंशात (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) ढालीच्या पुढच्या कडेला दोन पारदर्शक खिडक्या असतात, म्हणजे किड्याचं डोकं झाकलेलं पण त्याला वरचं दिसतं, काय डोकं लावलंय बघा. मग मिशा. बऱ्याच काजव्यांच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या, पण पायरोसीलिया वंशात त्या चपट्या आणि करवतीसारख्या दातेरी. मग झाकणपंखांची टोकं, इकडे लोक कधीच बघत नाहीत! ॲबस्कॉन्डिटा टर्मिनॅलिस ह्या जातीत पंख पिवळसर आणि टोकं काळी, लांबूनही कळतं. आणि आग्नेय आशियातल्या खारफुटीत झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकवणारे ते टेरॉप्टिक्स काजवे माहीत असतील तुम्हाला, त्यांच्यातल्या बऱ्याच जातींत नराच्या झाकणपंखांचं टोक खाली दुमडलेलं असतं, चिमटा असतो तो, मीलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला. म्हणजे जेमतेम भाताच्या दाण्याएवढ्या किड्यात तुम्ही मागचं टोक बघितलंत तर वंश कळतो, आणि समोरून शंभर फोटो काढलेत तरी कळत नाही.

पोटाचं पुढच्या उत्तरात येतंय. तुमच्यासाठी इतकंच की पुढच्या वेळी तीन फोटो काढा, वरून, खालून आणि बाजूने, शेजारी मिलिमीटरची पट्टी नाहीतर चौकटीचा कागद ठेवा. "नखाएवढा" चालणार नाही, कुणाचं नख आणि कुठल्या बोटाचं.

प्रश्न: नर आणि मादी कशी ओळखायची? माझ्या मिस्टरांचं म्हणणं जो उडतो तो नर. मला हे पटत नाही.

उत्तर: मिस्टर अर्धे बरोबर आहेत, पण ते त्यांना सांगायची घाई करू नका.

काजवा हलकेच उलटा करा आणि पोटाची शेवटची वळी बघा. दिवा जिथे असतो तिथे वळीचा रंग बाकीच्या पोटापेक्षा वेगळा, दुधाळ पांढरा किंवा फिकट पिवळा दिसतो, विझलेला असताना, भर दिवसासुद्धा. तो रंग प्रकाशाचा नाही, आतमध्ये बारीक स्फटिकांचा थर असतो जो आरशासारखा प्रकाश बाहेर फेकतो, त्याचा आहे. आता मोजा. ल्युसिओलिनी नावाचं जे मोठं उपकुळ आहे, आशियातले उडत लुकलुकणारे बहुतेक काजवे त्यातच येतात, त्यात नराच्या पोटाला खालून सहा वळ्या दिसतात आणि शेवटच्या दोन्ही वळ्या दिव्याच्या. मादीला सात वळ्या दिसतात आणि दिवा फक्त एका वळीत, तोही अगदी शेवटच्या नाही, तिच्या आधीच्या. म्हणजे मादीत दिव्यानंतर अजून एक टोकदार बिनदिव्याची वळी शिल्लक असते. एकदा हे डोळ्यांना सवयीचं झालं की एका सेकंदात कळतं, मला तर आता लोकांचे फोटो बघताना दुसरं काही दिसतच नाही. अमेरिकेतल्या फोटिनसमध्येही थोडंफार तसंच, नराच्या दोन वळ्या पूर्ण उजळ, मादीत एकाच वळीच्या मधल्या भागात दिवा. पण हा नियम सगळ्या वंशांना डोळे झाकून लावू नका, उपकुळ बदललं की दिव्यांची मांडणी बदलते.

शिवाय डोळे. नराचे डोळे सहसा मोठे, कारण अंधारात मादीचा प्रकाश शोधत त्यालाच फिरायचं असतं.

आणि उडण्याचं असं की काही वंशांत मादीला पंखच नसतात. युरोपातला लॅम्पिरिस नॉक्टिल्युका, ज्याला तिकडे ग्लोवर्म म्हणतात, त्यात मादी गवतावर बसून एकसारखा हिरवा प्रकाश देत राहते, दिसायला थेट अळीसारखी, आणि नर पंखवाला, मोठ्या डोळ्यांचा, त्याचा स्वतःचा प्रकाश मात्र अगदी नगण्य. तिथे तुमच्या मिस्टरांचा नियम पक्का लागू पडतो. लॅम्प्रिजेरा वंशातही मादी बिनपंखाची आणि नराच्या कितीतरी पट मोठी, शेजारी ठेवले तर हे नवरा-बायको आहेत ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण ल्युसिओलिनीत बहुतेक जातींत माद्या मस्त उडतात, म्हणून तिथे उडण्यावरून ठरवलंत तर फसाल.

प्रश्न: मागच्या अंकात आपण जपानच्या गेंजी काजव्याचं शास्त्रीय नाव "ल्युसिओला क्रुसिएटा" असं दिलं होतं. हे नाव आता जुनं झालं आहे. मासिकाकडून अशी अपेक्षा नाही.

उत्तर: कान पकडते. २०२२ साली त्याला वेगळ्या वंशात टाकलं, आता निप्पोनोल्युसिओला क्रुसिएटा. माझ्या टेबलावरचं पुस्तक त्याच्या आधीचं आहे आणि मी त्यावर डोळे झाकून विसंबले. पण नाव बदललं तरी क्रुसिएटा राहिलं हे चांगलं झालं, कारण त्यातच ओळख आहे, क्रुसिएटा म्हणजे क्रूसवाला, त्याच्या गुलाबी ढालीवर काळी क्रूससारखी खूण असते. त्याचा धाकटा भाऊ हेइके काजवा, अक्वाटिका लॅटरॅलिस, आकाराने लहान आणि ढालीवर क्रूस नाही, नुसती एक सरळ जाड काळी रेघ. गेंजी आणि हेइके ही जपानच्या इतिहासातली एकमेकांशी लढलेली दोन घराणी, त्यांची नावं काजव्यांना दिलीत, आणि दोन्ही घराण्यांमधला फरक ढालीवर कोरलेला आहे असं समजा.

आणि गंमत अशी की गेंजीमध्ये ढाल सगळीकडे तीच असून पूर्व जपानातले नर साधारण चार सेकंदांनी एकदा लुकलुकतात आणि पश्चिमेकडचे दोन सेकंदांनी. किडा तोच, जात तीच, बोली वेगळी. हे मी मुद्दाम इथे लिहितेय कारण पुढचा प्रश्न ह्याच्या बरोब्बर उलटा आहे.

प्रश्न: मी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी काजवे गोळा केले, ‘की’ (म्हणजे खुणांवरून जात शोधायचा तक्ता) वापरून ओळखायचा प्रयत्न केला, ढाल सेम, पंख सेम, साईज सेम, पण दोन ग्रुप वेगवेगळ्या पद्धतीने फ्लॅश होत होते. गाईड म्हणतात मॉर्फोलॉजी (अंगाची ठेवण) सेम म्हणजे स्पेसिज एकच. मी कुठे चुकतेय का?

उत्तर: नाही गं, चुकत नाहीयेस, आणि तू त्या लुकलुकण्याची नोंद ठेवलीस ह्याबद्दल तुझी पाठ थोपटायला हवी, कारण नेमकं हेच लोक विसरतात, किडे बाटलीत भरतात, लेबल लावतात आणि तो जिवंतपणी काय करत होता ते कुठेच लिहीत नाहीत.

अमेरिकेत फोट्युरिस नावाचा वंश आहे. लांब पाय, किंचित कुबड काढल्यासारखी ठेवण, डोकं ढालीतून बऱ्यापैकी बाहेर, झाकणपंखांवर तिरकी फिकट रेघ, म्हणजे वंश ओळखणं सोपं, शेंबडं पोरही ओळखेल. पण वंशाच्या आत शिरलं की सगळी आंधळी कोशिंबीर! हर्बर्ट बार्बर नावाच्या कीटकतज्ज्ञाने वर्षानुवर्षं रात्री शेतात आणि दलदलीत उभं राहून हे बघितलं की म्युझियमच्या डब्यात एकाच जातीचे वाटणारे हे किडे बाहेर मात्र वेगवेगळ्या ठेक्यात लुकलुकतात, वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी. त्याने सरळ त्या ठेक्यांवरून जाती वेगळ्या काढल्या. त्याचं हे काम तो गेल्यानंतर १९५१ साली छापून आलं, आणि आजही फोट्युरिसचा नुसता मेलेला नमुना हातात दिला तर चांगले चांगले लोक वंशावर थांबतात.

फोट्युरिसवर भरवसा न ठेवण्याचं अजून एक कारण आहे. त्यातल्या माद्या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे फोटिनसच्या माद्यांसारखा प्रकाश देऊन त्यांच्या नरांना बोलावतात आणि तो आला की खाऊन टाकतात, जेम्स लॉइड ह्या कीटकतज्ज्ञाने हे १९६५ मध्ये मांडलं. म्हणजे नुसता ठेका ऐकून, सॉरी, बघून, जात लिहिलीस तर ही बाई तुलाही गंडवेल. म्हणून उडणाऱ्या नराचा ठेका धर, खाली बसून उत्तर देणारीचा नको.

ठेका म्हणजे नक्की काय लिहायचं? एक चमक किती वेळ टिकते, एकेरी आहे की दोन-तीनचा झुपका आहे, दोन चमकांमध्ये किती सेकंद जातात, उडताना चमक कुठला आकार काढते, जमिनीपासून किती उंच, अंधार पडल्यापासून किती वेळाने. फोटिनस पायरॅलिसचा नर चमकताना खाली येऊन वर उसळी मारतो, हवेत इंग्रजी जे काढल्यासारखा, आणि साधारण पाच-सहा सेकंदांनी पुन्हा काढतो. मादी बरोबर दोन सेकंदांच्या आसपास थांबून खालून उत्तर देते, तुम्ही तेवढंच थांबून छोटा टॉर्च क्षणभर लावलात तर तो तुमच्याकडे येतो, बिचारा. आणि ह्या सगळ्याच्या शेजारी हवेचं तापमान लिहायलाच हवं, गार रात्री तोच काजवा हळू लुकलुकतो आणि उबदार रात्री भराभर. तुझे दोन ग्रुप वेगवेगळ्या रात्री बघितले असतील तर आधी हे तपास. तापमान सेम असूनही फरक राहिला तर मग तुझ्या हातात खरंच काहीतरी आहे.

आता गाईडना कसं पटवायचं. मॉर्फोलॉजी म्हणजे फक्त ढाल आणि पंख नाहीत हे त्यांनाही माहीत असणार. नराचं जननांग, एडिएगस, हे काजव्यांच्या वर्गीकरणातलं सगळ्यात विश्वासाचं अंग. मधे एक दांडा आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या, अशी तीन भागांची रचना असते, आणि त्या पाकळ्यांची लांबी, टोकं, वळण जातीगणिक वेगळं. बाहेरून जुळे दिसणारे दोन नर इथे सरळ वेगळे निघतात. जॉन ग्रीन ह्या कीटकतज्ज्ञाने १९५६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फोटिनसची जी मांडणी केली ती बरीचशी ह्याच अंगावर उभी आहे. सुकलेला नमुना आधी ओलसर डब्यात ठेवून मऊ करायचा, मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्याने पोटाच्या टोकातून ते बाहेर काढायचं, घाई केलीस तर तुटतं, माझी पहिली दोन तुटली. त्यानंतरही शंका राहिली तर एक पाय अल्कोहोलमध्ये वेगळा ठेव डीएनए बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखायला. आणि रंग आजच लिहून ठेव, ढालीचा तो गुलाबी रंग अल्कोहोलमध्ये उडून जातो, सहा महिन्यांनी बाटली उघडलीस की सगळे सारखेच पिवळट.

ल्युसिओला नावाचं मोठं गाठोडं होतं आशियात, कुठलाही पिवळा-काळा लुकलुकणारा किडा मिळाला की टाक त्यात, असं शंभर-दीडशे वर्षं चाललं. लेसा बॅलेंटाइन ह्या ऑस्ट्रेलियन बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गाठोडं सोडून एकेक वंश वेगळा काढलाय, ॲबस्कॉन्डिटा हा वंश त्यातूनच २०१३ मध्ये आला. तुझी की त्याच्या आधीची असेल तर ती तुला ल्युसिओलावर नेऊन सोडणार आणि गाईडना वाटणार बरोबर आलं. कीचं साल बघ आधी.

प्रश्न: दिवसा पानावर एक किडा दिसला, ढाल अगदी तुम्ही सांगता तशी, डोकं झाकलेलं. पण रात्रभर बरणीत ठेवला तर एकदाही चमकला नाही. हा काजवा की नाही?

उत्तर: असू शकतो. सगळे काजवे मोठेपणी चमकतात हा आपला गैरसमज आहे. उत्तर अमेरिकेतले ल्युसिडोटा आणि एलिक्निया दिवसा फिरतात, मोठे झाल्यावर त्यांना दिवाच नसतो, जोडीदार वासावरून शोधतात. एलिक्निया तर थंडी झाडाच्या सालीच्या फटीत काढतो आणि वसंताच्या सुरुवातीलाच खोडांवर दिसायला लागतो. ओळखायची खूण अशी की दिवसाच्या काजव्यांचे डोळे लहान आणि मिशा मोठ्या, बरोबरच आहे, बघायचं कमी आणि हुंगायचं जास्त.

पण उलटा करून बघितलात का? पोटाखाली फिकट वळी असेल आणि तरी चमकत नसेल तर तो बहुतेक घाबरलाय किंवा दमलाय. फिकट वळी नसेल तर दिवसाचा काजवा असेल नाहीतर काजव्याचा तोतया, आणि तोतये भरपूर आहेत. सैनिक भुंगा म्हणजे सोल्जर बीटल, कॅन्थरिडी कुळातला, पंख तसेच मऊ, रंग तसेच, पण ढाल आखूड आणि डोकं स्वच्छ बाहेर. जाळीपंखी भुंगा, लायसिडी, त्याच्या झाकणपंखांवर उभ्या-आडव्या कण्यांची जाळी असते आणि पंख मागे रुंद होत जातात. मी स्वतः एकदा एका शिबिरात पन्नास लोकांसमोर पडद्यावर सोल्जर बीटल दाखवून दहा मिनिटं काजव्यांवर बोललेय, शेवटी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, बाई ह्याचं डोकं कसं काय दिसतंय? तेव्हापासून मी आधी डोकं बघते.

प्रश्न: ताई मी सातवीत आहे. मला ओल्या मातीत एक चमकणारी अळी सापडली. आई म्हणते काजव्याचं बाळ आहे. बाबा म्हणतात काजव्याची मादी आहे. कोण बरोबर? आणि ती कुठल्या जातीची?

उत्तर: तू आईबाबांचं भांडण माझ्याकडे पाठवलंस होय! भिंग घे. पहिलं, पायाचं टोक बघ. मोठ्या झालेल्या मादीच्या पायाला शेवटी बारीक बारीक सांध्यांचा पंजा आणि दोन नख्या असतात, अळीच्या पायाला शेवटी एकच नखी. दुसरं, डोळे. मादीचे डोळे छोटे असले तरी जाळीदार, अळीला दोन्ही बाजूंना फक्त एकेक काळा टिंब. तिसरं, दिवा. अळीचा प्रकाश मंद, शेपटीजवळ पोटाच्या आठव्या वळीवर दोन छोटे ठिपके, विझतो, परत येतो. बिनपंखाच्या मादीचा प्रकाश जोरात आणि एकसारखा, लॅम्पिरिस मादीत तर दोन पूर्ण पट्टे आणि त्यांच्या मागे दोन ठिपके. तू काढलेल्या चित्रात मला दोनच ठिपके दिसतायत, त्यामुळे ह्यावेळी आई जिंकली असं वाटतंय, पण नखी बघून मगच बाबांना सांग.

जात मात्र अळीवरून सांगणं कठीण. काहींची सोपी असते, लॅम्पिरिस नॉक्टिल्युकाच्या काळ्या अळीला प्रत्येक वळीच्या कोपऱ्यावर फिकट नारिंगी ठिपका असतो, आणि काही अळ्या पाण्यात राहतात, त्यातल्या काहींच्या अंगाच्या बाजूंना कल्ले असतात, म्हणजे पाण्यात सापडली की यादी एकदम छोटी होते. बाकीच्या वाढवूनच बघाव्या लागतात. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, कोयत्यासारख्या जबड्याने चावून आत विष सोडतात आणि मग विरघळलेलं मांस पितात. तू वाढवायला घेऊ नकोस, जिथून उचललीस तिथेच सोड, आणि शेपटीच्या टोकाला जे पांढरं बोटांसारखं काहीतरी बाहेर येतं ना, त्याने ती पकड घेते आणि अंग पुसते, ते सोडताना बघून घे.

प्रश्न: मध्य अमेरिकेतून आलेल्या मित्राने व्हिडिओ दाखवला, त्यात काजव्याच्या खांद्यांवर दोन हिरवे दिवे, मोटारीच्या हेडलाईटसारखे, आणि पोटही चमकतंय. ही कुठली जात?

उत्तर: काजवा नाहीच. पायरोफोरस, टिचकी मारून उडी घेणारा क्लिक बीटल, वेगळं कुळ. ढालीच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर दिवे असले की क्लिक बीटल, काजव्याचा दिवा कधीही ढालीवर नसतो. तसंच अंगाच्या दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग आणि डोकं लाल चमकणारं असेल तर ती रेलरोड वर्म, फेंगोडिडी कुळातली. आणि न्यूझीलंडच्या वाइटोमो गुहेतले छताला लटकणारे निळे दिवे तर भुंगेसुद्धा नाहीत, एका माशीवर्गातल्या किड्याच्या अळ्या आहेत त्या.

प्रश्न: ॲपने फोटो बघून लगेच पूर्ण नाव दिलं, जातीसकट. मग एवढी सगळी उठाठेव कशाला?

उत्तर: ॲप चांगलं आहे, मीही वापरते. पण ॲपला तुम्ही जे दाखवाल तेच दिसणार, आणि तुम्ही दाखवली पाठ. त्याने पोट बघितलं नाही, ठेका बघितला नाही, जननांग तर नाहीच. आणि त्याला जे फोटो शिकवलेत त्यातलेही कित्येक तुमच्या-माझ्यासारख्यांनीच पाठीवरून ओळखून टाकलेले. म्हणून वंशापर्यंत ॲपचं ऐका आणि पुढच्या नावासमोर प्रश्नचिन्ह टाका. वंशावर थांबायला लाज वाटून घेऊ नका, "ॲबस्कॉन्डिटा, जात अनिश्चित, नर, आठ मिलिमीटर, खालून फोटो आहे" ही नोंद मला चुकीच्या पूर्ण नावापेक्षा दहापट उपयोगाची वाटते, ती उद्या कुणीतरी पुढे नेऊ शकतं, चुकीचं नाव फक्त आणखी चार ठिकाणी कॉपी होतं.

प्रश्न: उलटा करा उलटा करा म्हणता, पण पकडायचा कसा? मरणार नाही का?

उत्तर: बोटांनी दाबून धरू नका, अंग मऊ असतं. स्वच्छ काचेची छोटी बरणी घ्या, आत ओलसर टिश्यूचा तुकडा, काजवा स्वतःहून काचेवर चढतो आणि मग बरणी फिरवली की पोट आपोआप तुमच्यासमोर, उलटा करायचीही गरज नाही. फारच पळत असेल तर बरणी थोडा वेळ थंड जागी ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पंधरा-वीस मिनिटांत फोटो उरका आणि जिथे पकडला तिथेच सोडा. जिथे काजवे पकडायला बंदी आहे तिथे बरणी बाहेरसुद्धा काढू नका, लांबून ठेका मोजा, तेवढंही पुष्कळ आहे. आणि पांढरा टॉर्च डोळ्यांवर मारत फिरू नका, त्यांचं सगळं बोलणं बंद पडतं. लाल प्रकाश त्यांना फारसा दिसत नाही, टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने लावलेत की झालं. एका थराने भागत नाही, तेवढं लक्षात ठेवा.